सावजीत मसाला वेगळा, तिखट वेगळं

आज मटणाचा सावजी रस्सा झाला आणि पंगतीत नेहमीचाच प्रश्न आला: "मसाला कमी टाकला तर तिखट कमी होईल ना?"

नाही होणार. धणे, खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, मसाला वेलची यांनी वास आणि दाटपणा येतो. जीभ जाळते ती मिरची, थोडीफार मिरीसुद्धा. चहाचा चटका ज्या नसांना कळतो, त्यांनाच मिरची चेतवते. म्हणून उकळता रस्सा जास्तच झोंबतो.

मिरचीतलं कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाहीच. रस्सा जहाल झाला तर पाणी ओतू नका, मसाला तेवढा पांचट होतो. गॅस बंद करून दहा मिनिटं थांबा आणि वर आलेली तर्री पळीनं काढा. आधीच कमी हवं असेल तर भिवापुरी मिरची फोडून आतली पांढरी शीर काढा. नुसतं बी झटकून फारसा फरक पडत नाही.

दगडफूल अर्धा किलो मटणाला चिमूटभरच, तेही सगळ्यात शेवटी भाजायचं. करपलं की रस्सा कडू होतो, आणि लोक त्या कडूपणालाच तिखट समजतात! तोंड पोळलं तर दही खा, पाणी नको.