चतकोर, चतकोर!

जानेवारी २०२४ च्या मध्यावर गुलमर्गचे जे फोटो आमच्या पालकांच्या ग्रुपवर फिरत होते, त्यांत बर्फच नव्हता. वाळलेलं पिवळट गवत, आणि त्यावर गिऱ्हाइकाची वाट बघत उभे घोडेवाले. "बाई, पोरं गवतावर घसरणार का?" एका वडिलांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्कीइंगच्या सहलीसाठी सोळा मुलांची विमानाची तिकिटं काढून झाली होती, सातवी ते नववीची. महिनाअखेरीस एकदाचा बर्फ पडला आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पायथ्याच्या टंगमर्गहून चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्यांतून वर चढलो.

मी नाशिकच्या एका मराठी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. अंजनेरी, कळसूबाई असे ट्रेक मुलांना घेऊन करायची सवय होती. पण स्कीइंग मला स्वतःलाच येत नव्हतं, आणि जे आपल्याला येत नाही तिथे पोरांना न्यायचं नाही हा माझा जुना हट्ट. म्हणून आदल्या हिवाळ्यात, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, गुलमर्गच्याच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंगमध्ये जाऊन मी बेसिक कोर्स केला. सुरुवातीचे दिवस घसरण्यापेक्षा चढण्यातच गेले. पायात स्की, आणि आडवं उभं राहून एकेक पाऊल वर. नाहीतर टोकं बाहेर फाकवून, मागे माशाच्या काट्यासारखी नक्षी उमटवत. संध्याकाळी मांड्या अशा भरून यायच्या की जिना उतरताना कठडा धरावा लागे. बरोबरची कॉलेजची मुलं हसायची. हसू देत. पोरं कुठे रडकुंडीला येणार हे मला तिथेच कळलं.

पहिलं रडू आलं ते मोज्यांवरून. थंडीच्या धास्तीने आयांनी दोन-दोन, एकीने तर तीन जोड लोकरीचे मोजे घालून पाठवलं होतं. एक जोड आजीने विणलेला. स्कीचा बूट म्हणजे कडक प्लॅस्टिकचा साचा. त्यात जाड मोज्याची घडी पडली की ती नडगीला चावते, वर रक्त अडतं आणि पाय उलटा जास्त गारठतो. एकच मोजा, गुडघ्यापर्यंत ओढलेला, सुरकुती नाही. सरळ उभं राहिल्यावर अंगठा बुटाच्या टोकाला जेमतेम टेकला पाहिजे आणि गुडघा पुढे वाकवला की सुटला पाहिजे. सोळा जणांचे बूट तपासायला मला दीड तास लागला. भाड्याने सामान देणारा वैतागला होता.

तो आणखी वैतागला ते बाइंडिंगवरून. बूट स्कीला जिथे अडकतो तिथे एक छोटी खिडकी असते, तीत आकडा दिसतो. पडल्यावर किती जोर आला की बूट सुटावा, हे त्या आकड्यावर ठरतं. मुलाचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तो किती शिकलेला आहे, एवढं बघून तो आकडा लावायचा असतो. पस्तीस किलोच्या नवशिक्याला साधारण दोनच्या आसपास. आम्हाला मिळालेल्या स्कींपैकी तीन पाचावर होत्या, आधी कुणी मोठा माणूस वापरून गेला असणार. पाचावर असलेली स्की त्या पोराच्या पायातून वेळेवर सुटली नसती. स्की जागच्या जागी, पिळला गेला असता गुडघा. दुकानदार म्हणाला, "मॅडम, कुछ नहीं होता." मी म्हटलं, होऊ नये म्हणूनच बसलेय. त्याने पेचकस घेतला.

पहिला दिवस आम्ही नुसते हिंडलो. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा हजार मीटर उंच. डोकं दुखणं, भूक जाणं हे होऊ शकतं. दुसऱ्या दिवशी गोल्फ कोर्सजवळच्या, नवशिक्यांच्या बाळउतारावर गेलो, आणि उस्तादांनी, म्हणजे तिथल्या प्रशिक्षकांनी, सोळाही जणांना एका ओळीत उभं करून पहिला हुकूम सोडला : "गिरो!"

कुणी पडेना. मग एक हसत पडला आणि मागोमाग सगळी ओळ. पडायचं ते कुशीवर, डोंगराच्या अंगाला, हात पुढे. मागे बसकण मारायची नाही. घाबरलं की माणूस मागे रेलतोच, आणि मागे रेललं की स्की पुढे पळतात, गुडघ्याचे स्नायुबंध तुटतात ते अशाच वेळी. उठायच्या आधी स्की शरीराच्या खालच्या बाजूला आणि उताराला आडव्या आणायच्या. आता उतार कुठला, हे मुलांना कळेना, कारण बाळउतार जवळजवळ सपाटच. मी थर्मासमधला कहवा थोडा बर्फावर ओतला. तो जिकडे वाहत गेला ती खरी उताराची रेघ, तिला आडवं राहिलात तर थांबाल. कहवा वाया गेल्याचं उस्तादांना वाईट वाटलं.

थांबायची पहिली युक्ती म्हणजे स्नो प्लाव. पुढची टोकं जवळ, शेपट्या लांब फाकवलेल्या, टाचांनी बाहेर रेटायचं. बाहेरच्या देशांत मुलांना यासाठी 'पिझ्झा' म्हणायला शिकवतात. आमच्याकडे सातवीतली एक पोरगी स्कीकडे बघून म्हणाली, "बाई, हा तर भाकरीचा चतकोर." झालं. त्या दिवसापासून उतारावर 'चतकोर, चतकोर' एवढाच घोष. वेग वाढला की मोठा चतकोर, वेग हवा तर लहान. तिसऱ्या दिवशी उस्तादही ओरडायला लागले, "चटकोर बड़ा करो!"

सगळ्यात अवघड गेलं ते मात्र पायांचं नव्हतं. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे उतारावर वागायचे दहा नियम आहेत. त्यातला एक असा की मागून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळायचं. पुढचा पडू दे, वळू दे, मध्येच थबकू दे, जबाबदारी मागच्याची. आपल्या रस्त्यांवर वाढलेल्या पोरांना हे पचेना. आपल्याकडे मागचा हॉर्न देतो आणि पुढचा बाजूला होतो. पहिले दोन दिवस पोरं वरून "साइऽऽड!" ओरडत सुटायची आणि खालच्याने पळावं अशी अपेक्षा करायची. दोघं एकमेकांवर आदळली, हेल्मेटं ठणकली. तेव्हापासून मी शिट्टी ठेवली : जो 'साइड' म्हणेल त्याने तिथेच स्की काढून पायी उतरायचं. बारा जण पायी उतरले. शिक्षा कडक होती, पण परत कुणी ओरडलं नाही. दुसरा नियम त्यांनी पटकन घेतला : थांबायचं तर कडेला, आणि चढापलीकडे, जिथून वरच्याला दिसणार नाही, तिथे तर मुळीच नाही.

ओढून नेणाऱ्या लिफ्टवर प्रत्येक जण एकदा तरी आपटला. ती तबकडी दोन पायांमध्ये धरायची, तिच्यावर बसायचं नाही. बसलं की दोरी ढिली पडते आणि तुम्ही आडवे. पडल्यावर तबकडी सोडून लगेच कडेला लोळत जायचं, कारण मागून दुसरा येतोच आहे. मफलर सगळ्यांचे आधीच जप्त केले होते. लिफ्टमध्ये काहीही लोंबतं नको.

नववीतल्या तिघांना स्नोबोर्ड हवा होता. मला तो फारसा पटत नाही, निदान पहिल्या वर्षी. दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले, आणि पडलं तरी बाइंडिंग सुटत नाही. गुडघा त्यामानाने वाचतो, मनगट मार खातं, कारण पडताना माणूस हात टेकतोच. म्हणून मूठ वळून कोपरापासूनच्या हातावर पडायचं, हे घोटून घेतलं. कुठला पाय पुढे ठेवायचा हे ठरवायला उस्ताद हळूच मागून ढकलायचे. तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे येईल तो. नाशिकहून रोलर स्केटिंगचे मनगटपट्टे नेले होते, ते मोठ्या हातमोज्यांखाली जेमतेम बसले. चौथ्या दिवशी जेवणानंतर एका मुलीने 'घट्ट होतंय' म्हणून ते काढून ठेवले. मी सकाळी तपासलं होतं, जेवणानंतर नाही. उताराकडची कड बर्फात रुतली, ती उलटी फेकली गेली आणि हातावर आली. मनगट सुजून टम्म. टंगमर्गला नेऊन एक्स-रे काढला, हाड शाबूत निघालं. तिच्या आईला फोन करताना माझा आवाज कापत होता. चूक माझीच होती, आणि मी तसंच सांगितलं.

गोंडोलाच्या, म्हणजे तारेवरून वर नेणाऱ्या पाळण्यांच्या, दुसऱ्या टप्प्यावर, अफरवटला, मुलांना न्यायचं नाही हे घरूनच ठरवून निघालो होतो. तो उतार आखलेला, बर्फ दाबून तयार केलेला नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत तिथे हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले होते. दोन पालक नाराज झाले, 'एवढ्या लांब जाऊन?' आम्ही परतल्यावर थोड्याच दिवसांत, २२ फेब्रुवारीला, तिथल्या हिमस्खलनात एक रशियन स्कीअर गेल्याची बातमी आली. ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही.

शेवटच्या दिवशी परीक्षा होती. वरून यायचं आणि उस्ताद काठी उंचावतील तिथे, त्या क्षणी थांबायचं. खालपर्यंत किती लवकर पोचलात याला गुण नाहीत. आठवीतला आमचा सगळ्यात चपळ मुलगा काठीच्या दहा हात पुढे जाऊन थांबला, तेही कुंपणाच्या जाळीत. चतकोरवाली पोरगी इतकी हळू आली की मागचे कंटाळले, पण काठी वर झाली आणि ती जागच्या जागी उभी. तिला पास, त्याला नापास. तो विमानात माझ्याशी बोलला नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच तासाला आला आणि म्हणाला, "बाई, पुढच्या वेळी काठी कुठे वर करणार, ते आधी सांगणार नाही ना?"

"नाही," म्हटलं.

"मग माझं नाव लिहा."