रविवारचा रेणू-वर्ग, पाचवा रविवार: हळद

आमचं गाव वसमतकडचं, म्हणजे हळदीचं, त्यामुळं हा विषय कधीतरी निघणारच होता. लॅपटॉपवर अव्होगाड्रो (रेणू बांधून बघायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, एकदा टाकलं की नेटशिवाय चालतं, आमच्याकडं हे लय महत्त्वाचं), समोर चौथी-पाचवीची सात लेकरं.

आधीचे चारही रविवार पाणी आणि कार्बन डायऑक्साइडवरच काढले. ऑक्सिजन ठेवला की हायड्रोजन आपोआप लागतात, मग ऑटो ऑप्टिमायझेशन (रेणूला आपोआप त्याच्या आकारात आणणारी सोय) चालू ठेवायचं आणि माऊस लेकरांच्या हातात द्यायचा, ते हायड्रोजन ओढून सरळ रेषेत आणतात आन् सोडलं की पाणी परत वाकून बसतंय, कोन १०४.५ अंशांचा हे मी सांगितलंच नाही, "बैलाची शिंगं" हे नाव त्यांनीच पाडलं. कार्बन डायऑक्साइड उलटा, कितीबी वाकवा, काठीसारखा सरळ होतो.

काल करक्युमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारा रेणू. ४७ अणू, म्हणून पबकेम या रेणूंच्या वेबसाइटवरनं आधीच उतरवलं होतं. करक्युमिनची कीटो आणि एनॉल अशी दोन रूपं, ती फाईल कीटो रूपातली असते, त्यात मधल्या सीएच२ (एक कार्बन, दोन हायड्रोजन) मुळं एकेरी-दुहेरी बंधांची साखळी तुटते, एनॉलमध्ये ती अखंड राहते, तेव्हा मी एनॉल करून घेतलं, तुम्हीपण बघून घ्या. उघडलं तर पहिलाच प्रश्न, "काका, हे तर काळं, लाल, पांढरं हाय, मंग हळद पिवळी कशी?"

गोळ्यांचे रंग ही नुसती ओळखीची खूण, कोरी आणि पॉलिंग या शास्त्रज्ञांच्या मॉडेलांपासून चालत आलेली, हे पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. मग सगळे गोळे एकाच करड्या रंगाचे केले आणि म्हणलं, आता ऑक्सिजन शोधा. एक पोरगी बंध मोजायला लागली, एक हात हायड्रोजन, दोन हात ऑक्सिजन, चार हात कार्बन, दुहेरी बंधाचे दोन धरून! मला इतका आनंद पाच आठवड्यांत झाला नव्हता.

पिवळेपणाचं एवढंच सांगितलं की एकेरी-दुहेरी बंधांची ती लांब साखळी निळा उजेड गिळते, उरतो तो पिवळा. नंतर हळदीच्या कागदावर कपड्याच्या साबणाचं पाणी टाकलं, कागद लाल. साबणाचा क्षार ओएचमधला (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीतला) हायड्रोजन ओढून नेतो म्हणून स्क्रीनवरपण तो काढला, लेकरं वाट बघत बसली, गोळे करडेच. "कॉम्प्युटरला रंग कळत नाही व्हय?" नाही कळत बाळा, म्हणून तर कागद सोबत ठेवलाय. पुढच्या रविवारी त्याच लाल कागदावर लिंबू पिळायचं ठरलंय.