42 च्या आत

लेक पुण्याहून सुटीला आली ती रॉ व्हीगन होऊनच. दूध, दही, तूप, मध बंद, हे समजलं. पण जे खायचं ते 42 अंशांच्या वर तापलेलं नको, हे ऐकून मी खिडकीबाहेर बघितलं. नागपूर, मे महिना, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर. इथं सकाळी दहालाच नळाला गरम पाणी येतं. सासूबाईंनी बंद शेगडीकडे बघून विचारलं, "काहून वं, गॅस संपला काय?"

मला वाटलं, निम्मं काम तर आपल्याकडे झालेलंच आहे. चटण्या कच्च्याच की! मोजायला बसले आणि एकेक बाद होत गेली. ठेच्याच्या मिरच्या तव्यावर भाजलेल्या. जवसाच्या चटणीतला जवस भाजलेला. कैरीच्या टक्कूत गूळ, आणि गूळ तर कढईत उकळूनच होतो. राहिली सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची चटणी, तीही फोडणीशिवाय. मग टक्कूत गुळाऐवजी खजूर वाटून घातला. चव वाईट नव्हती, पण टक्कू म्हणवत नाही.

ब्रेडबिड नाही तरी स्प्रेड हवाच. तिनं आणलेले काजू भिजत घातले आणि नंतर वाचलं की बाजारातले 'कच्चे' काजूसुद्धा कच्चे नसतात. टरफलातलं तेल कातडी भाजतं, म्हणून फोडण्याआधी बिया वाफवतात किंवा भाजतात. ते काजू मी खाल्ले. तिच्यासाठी तीळ भिजवले, त्यात लिंबू, लसूण, मीठ आणि मूठभर सांभार. मिक्सर थांबत थांबत फिरवायचा, कारण सलग फिरवला की भांडंच तापतं. हा हिरवा गोळा मात्र मला मनापासून आवडला.

खरी गंमत चकत्यांची. एक वाटी जवस दोन वाट्या पाण्यात भिजवला की तासाभरात त्याला असा बुळबुळीत चिकटा सुटतो की चमचा उभा राहील. त्यात टोमॅटो, जिरं, मीठ, भिवापुरी तिखट. (मिरची उन्हात वाळली तेव्हा ऊन किती होतं, हे मी विचारलं नाही.) पीठ नाही, डिंक नाही, तो चिकटाच सगळं धरून ठेवतो. प्लॅस्टिकच्या पन्नीवर पापडासारखं पातळ पसरायचं आणि वाळवायचं.

वाळवायचं कुठं? लेक म्हणाली, याचं मशीन मिळतं, 42 वर लावून ठेवायचं. म्हटलं, बाई, आपल्या गच्चीवर त्या मशीनला आधी हवा गार करावी लागेल. खात्री म्हणून घरातला ताप मोजायचा जुना थर्मामीटर पन्नीशेजारी ठेवला. त्याच्या खुणा संपतात 108 फॅरनहाइटला, म्हणजे जवळजवळ 42 ला. पारा पाच मिनिटांत टोकाला. फुटायच्या आत उचलला.

घरात ठेवाव्या तर कूलर. वाळ्याचा वास छान, पण त्या ओलसर हवेत चकत्या दुसऱ्या दिवशीही लोळागोळा. शेवटी रात्री नऊनंतर पन्नी गच्चीवर नेली. आमच्याकडची मेमधली रात्र गरम असते, पण इतकी कोरडी की ओला टॉवेलही तासात कडक होतो. वर सुती कापड टाकलं, चार कोपऱ्यांना चार विटा. पहाटे पाचला चकत्या पन्नीपासून आपोआप सुटलेल्या, मोडली की कट्‌कन आवाज.

सासूबाईंनी एक तोंडात टाकली. बराच वेळ चावत राहिल्या. मग काही न बोलता दुसरी उचलली.

दुसऱ्या रात्री त्यांनी आपल्या मुगवड्यांची पन्नी शेजारीच अंथरली. मुगवड्यांना ऊन हवं, चकत्यांना नको. सकाळी सात वाजले तरी लेक कूलरसमोर गाढ झोपलेली. सासूबाई जिना उतरून आल्या आणि तिचं पांघरूण ओढून म्हणाल्या, "उठ वं पोरी, ऊन आलं! तुह्या चकत्या शिजून राहिल्या."