द्वितीय चिरंजीव

लग्नपत्रिका हातात आली की इतरांचे लक्ष मुहूर्ताकडे, नाहीतर कार्यालयाच्या पत्त्याकडे जाते. माझे मात्र वधूवरांच्या नावांशेजारी छापलेल्या क्रमांकाकडे जाते. आमच्या आईने गेल्या पन्नासेक वर्षांतल्या पत्रिका एका कापडी पिशवीत जपून ठेवल्या आहेत (पाठची कोरी बाजू हिशेबाला उपयोगी पडते, एवढेच तिचे कारण), आणि त्या ओळीने लावल्या तर देशाच्या जननदराचा उतरता आलेखच समोर येतो. सत्तरच्या दशकातल्या पत्रिकांत ‘चतुर्थ कन्या’ आणि ‘पंचम चिरंजीव’ सहज भेटतात. पुढे ‘ज्येष्ठ’ आणि ‘कनिष्ठ’ एवढ्यावरच भागू लागते. अलीकडे नुसते ‘सुपुत्री’, किंवा थोड्या अभिमानाने ‘एकुलती एक कन्या’. खालच्या कोपऱ्यातली ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’ ही ओळ अजून छापतात, पण तिच्याखाली चिंटू, पिंकी, बाळू, सोनू अशी रांग असायची, तिथे आता एखादाच अर्णव उभा असतो. एका पत्रिकेत तर त्या जागी घरच्या कुत्र्याचे नाव होते.

हा क्रमांक सगळे सांगतोच असे नाही. माझ्या धाकट्या काकांच्या पत्रिकेत ‘तृतीय चिरंजीव’ असे छापले आहे. प्रत्यक्षात ते आजीचे पाचवे मुलगे. मधला एक देवीने गेला, दुसरा हगवणीने, आणि पत्रिकेत मोजणी फक्त जगलेल्यांची होते. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात जन्मणाऱ्या सहा-सात बालकांपैकी एक पहिल्या वाढदिवसापर्यंतही पोहोचत नसे, त्यामुळे एका स्त्रीमागे सरासरी सहा मुले हा आकडा आज अचाट वाटला तरी त्या काळी त्यात हौसेपेक्षा धास्तीचा भाग मोठा होता. २०२० साली बालमृत्यूंचे हे प्रमाण देशात हजारी २८ आणि महाराष्ट्रात १६ पर्यंत उतरले होते. झालेले मूल जगेल असा भरवसा आला, तेव्हाच दोनावर थांबण्याचे धाडस घराघरांत आले, असे मला वाटते.

सांगणारे त्याआधीही होते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले; त्याबद्दल त्यांना प्राध्यापकी गमवावी लागली, अश्लीलतेचे खटले सोसावे लागले. १९५२ साली सरकारनेच कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला आणि पुढे त्याचे चिन्ह असलेला लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर जाऊन बसला. आणीबाणीत तर आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते; राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते कागदावरच राहिले, हे बरे झाले. कारण महाराष्ट्रात एका स्त्रीमागचे अपत्यांचे प्रमाण १९९२-९३ मध्ये २.९ च्या आसपास होते ते २०१९-२१ मध्ये १.७ झाले (गोव्यात १.३, बिहारमध्ये ३), आणि तेही कोणाला धरून न नेता. बारावीपर्यंत शिकलेल्या मुली, उशिराने होणारी लग्ने, शाळेची फी आणि दोन खोल्यांचे घर यांनी जे केले ते घोषणांना जमले नसते. आजीच्या सुनांनी ‘आता पुरे’ हे कोणत्याही भिंतीवर वाचून ठरवले नव्हते. त्यांनी आपल्या सासूची बाळंतपणे पाहिली होती.

पत्रिकेतली एक गोष्ट मात्र मला खटकते. ज्येष्ठ कन्या आणि कनिष्ठ चिरंजीव यांच्या वयांत कधी कधी आठ-दहा वर्षांचे अंतर निघते, आणि मधल्या काळात काय झाले असेल हे विचारायचे धाडस कोणी करत नाही. लिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वांत आधी केला. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे २००१ साली ९१३ असलेल्या मुली २०११ साली ८९४ उरल्या. कुटुंब लहान झाले, पण त्यात एक मुलगा हवाच हा हट्ट लहान झाला नाही.

पत्रिका ही बातमी पंचवीस-तीस वर्षे उशिराने देते. आज जी मुलगी ‘एकुलती एक’ म्हणून छापली जाते, तिच्याबद्दलचा निर्णय नव्वदच्या दशकात झालेला असतो. एकुलत्या एक आईच्या मुलांना सख्खा मामा नाही आणि मावशी नाही. बापही एकुलता एक असला तर काका आणि आत्याही नाहीत. लग्नात वधूला बोहल्यावर आणायला मामा लागतो, वराचा कान पिळायला वधूचा भाऊ लागतो, करवलीचे तर विचारूच नका. मामेभाऊ-मावसभाऊ आहेत तोवर उसनवारी चालते. आमचा एक पुण्याचा मावसभाऊ इतक्या लग्नांत कानपिळी झाला आहे की त्याच्याकडे मानाच्या पोशाखांची स्वतंत्र बॅग आहे. त्याच्या मुलीच्या वेळी ही सोयही उरणार नाही, पण गुरुजींनी तोडगा आत्ताच शोधून ठेवला आहे. परवाच्या एका लग्नात त्यांनी मामांना हाक मारली, वधूच्या आईची कॉलेजमधली मैत्रीण पुढे आली, आणि गुरुजींनी मंगलाष्टके न थांबवता मानेनेच ‘चालेल’ म्हटले.