मुंबई ते सुएझ आगबोटीने: तिकिटाआधी कोळसा विचारा

१८३० च्या सुमारास या वाटेने निघणाऱ्या उतारूला हा सल्ला: वारा असो-नसो, आगबोट वेळेवर पोचते, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० ला मुंबईहून निघाली आणि २२ एप्रिलला सुएझला लागली. त्यात बोट पुढे ढकलणारी दोन्ही बाजूंची फळ्यांची चाकं फिरली जेमतेम २१ दिवस. बाकीचे दिवस एडन आणि तांबड्या समुद्रातल्या जेद्दा, कुसैर या बंदरांत कोळसा भरण्यात गेले.

सगळा जीव खातो तो मुंबई-एडन टप्पा. सोळाशेहून जास्त मैल, अकरा दिवस, आणि मध्ये कोळशाचा ठिपूस नाही. मुंबईच्या गोदीत बांधलेल्या या ४११ टनी बोटीत कोळशाची जागा साडेपाच दिवसांची! म्हणून मिळेल त्या कोपऱ्यात कोळसा कोंबला, उतारूंच्या जागेतसुद्धा. तरी एडनला पोचताना शिल्लक होता सहा तासांचा. ही सुरक्षित फेरी नव्हे, नशीब होतं.

जादा भाराची किंमत चाकं मोजतात. बोट खोल बसली की चाकाच्या फळ्या पाण्यात शिरताना पाणी खाली दाबतात, निघताना वर उचलतात. इंजिनाचं बळ पुढे ढकलण्याऐवजी त्यातच जातं. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांच्या वेगावरून पोचण्याची तारीख काढू नका. कोळसा जळत जातो तशी बोट वर येते. कोळसा दोन्ही बाजूंनी सारखा उचलला जातोय ना, यावर नजर ठेवा. बोट एका अंगाला कलली की एक चाक बुडतं, दुसरं हवेत भिरभिरतं आणि चाकं फिरवणाऱ्या दांड्याला हिसके बसतात.

बॉयलरमध्ये समुद्राचंच पाणी. खारट पाणी वेळच्या वेळी बाहेर सोडलं नाही तर आत मिठाचा थर धरतो, पत्रा तापतो आणि कोळसा जास्त लागतो. थांब्यावर थर खरवडायला वेळ मागितला तर कुरकुर करू नका.

जून ते सप्टेंबर या वाटेला जाऊच नका, नैऋत्येचा वारा थेट तोंडावर. जानेवारी ते मार्च उत्तम. तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात मात्र बहुतेक वर्षभर उत्तरेचा वारा, तिथल्यासाठी कोळसा राखून ठेवा. कोळसा भरायला जेद्दा ठीक.

खोली चाकांवरच्या झाकणपेट्यांपासून आणि बॉयलरपासून लांबची घ्या. सुएझहून पुढे कैरोपर्यंतची वाट वाळवंटातली आहे आणि सुएझचं पाणी मचूळ. गोडं पाणी बोटीवरूनच भरून घ्या.