वाळूचा माणूस आणि राहून गेलेले औषध

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर काकांना सोबत म्हणून मी मागच्या महिन्यात चार दिवस विश्रामबागेतल्या त्यांच्या घरी राहिलो होतो, आणि त्यांतल्या एका दुपारी आम्ही दोघांनी ‘स्पायडर-मॅन ३’ सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला. काकांनी नोकरी सांभाळून कितीतरी वर्षे सांगलीच्या हौशी रंगभूमीवर पडद्यामागची कामे केली आहेत, त्यामुळे त्यांच्यासोबत काहीही पाहायचे म्हणजे मधूनमधून ‘हा आता कशाला आला?’ असे प्रश्न ऐकण्याची तयारी ठेवावी लागते. मी हा चित्रपट मे २००७ मध्ये, अकरावीची परीक्षा आटोपल्यावर, मामेभावाला सायकलवर डबलसीट घेऊन पाहायला गेलो होतो. त्याआधीचा २००४ चा दुसरा भाग आम्हांला संवादांसकट पाठ होता, आणि म्हणूनच तिसरा पाहून बाहेर पडताना तो आवडला नाही असे म्हणायचीही आम्हांला चोरी वाटत होती.

या चित्रपटाबद्दल सर्वसाधारण तक्रार अशी असते की त्यात खलनायक फार झाले. वाळूचा माणूस झालेला फ्लिंट मार्को, वडिलांच्या मृत्यूचा सूड घेऊ पाहणारा मित्र हॅरी आणि शेवटी उगवणारा व्हेनम अशी ही तिघांची गर्दी आहे. व्हेनमची निवड दिग्दर्शक सॅम रायमी यांची नव्हती. निर्माते अ‍ॅव्ही अराड यांनी चाहत्यांच्या आवडीचा दाखला देऊन ते पात्र घ्यायला लावले, आणि त्या पात्रावर आपला मनापासून विश्वास नव्हता हे रायमींनी पुढे जाहीरपणे मान्यही केले. तरीही मला गर्दी हे मूळ दुखणे वाटत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ रंगवले तेव्हापासून राक्षसांच्या टोळ्या या गावाच्या ओळखीच्या आहेत. ‘अललडुर्र’ अशा आरोळ्या ठोकत त्या रंगमंचावर आल्या म्हणून कथा कोलमडली नाही, कारण त्या कशासाठी आल्या आहेत हे पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सर्वांना ठाऊक असे.

खरा घोटाळा पीटर पार्करच्या अपराधाशी झाला आहे. पहिल्या भागात, २००२ मध्ये, कुस्तीच्या आयोजकाने पैसे बुडवले म्हणून पीटर त्याला लुटून पळणाऱ्या चोराला मुद्दाम वाट करून देतो आणि तोच चोर पुढे बेनकाकांचा जीव घेतो. स्पायडर-मॅनची सगळी कथा या एका बाजूला सरकण्यावर उभी आहे. दुसऱ्या भागात तर या अपराधाची कबुली आहे: स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पीटर मेकाकूंना खरे सांगतो, त्या त्याच्या हातातला आपला हात काढून घेतात आणि एक शब्दही न बोलता जिना चढून जातात. कसलीही मारामारी नसलेला हा प्रसंग मला त्या भागातल्या आगगाडीवरच्या झुंजीपेक्षाही अवघड वाटतो, कारण मेकाकू लगेच क्षमा करत नाहीत.

तिसरा भाग येऊन काय सांगतो, तर गोळी त्या चोराने झाडलीच नव्हती, त्याचा जोडीदार मार्को याच्या हातून ती सुटली होती. आपण चोराला अडवले असते तर पुढचे टळले असते, असे पीटरला अजूनही म्हणता येईल; पण चित्रपट त्याला तसे म्हणू देत नाही, उलट सूड घ्यायला एक नवा माणूस त्याच्या हाती देतो. आणि त्या सूडाच्या भरात पीटर जे काही वाईट वागतो, त्याचा बराचसा भार आकाशातून पडलेल्या काळ्या द्रवावर टाकला जातो. उल्का पडते तीही नेमकी पीटर आणि त्याची प्रेयसी मेरी जेन तारे पाहत पहुडले आहेत त्या बागेत, आणि तो द्रव चिकटतो तोही पीटरच्याच दुचाकीला. काकांनी इथे फक्त माझ्याकडे पाहिले. पुढे त्या द्रवाचाच झालेला काळा पोशाख पीटर चर्चच्या घंटेखाली अंगावरून ओरबाडून काढतो, तेव्हा पीटरच्या मृत्यूची प्रार्थना करायला त्याच्यावर खार खाऊन असलेला छायाचित्रकार एडी ब्रॉक त्याच चर्चमध्ये आलेला असतो, आणि तो द्रव अंगावर पडून त्याचा व्हेनम होतो. एक योगायोग प्रेक्षक सोडून देतो. दोन योगायोगांवर खलनायक जन्माला घातला, तर त्याचा राग कुणाला खरा वाटणार?

हॅरीच्या बाबतीत तर लेखकांनी हातच टेकले आहेत. स्पायडर-मॅनच आपल्या वडिलांचा मारेकरी आहे या समजाने तो दोन चित्रपट जळत असतो, आणि ऐन शेवटी घरचा म्हातारा नोकर येऊन सांगतो की ती जखम वडिलांच्या स्वतःच्याच उडत्या यंत्राची, ग्लायडरची होती. (“हा बाबा इतके दिवस कुठे होता?” इति काका.) मधल्या काळातला हॅरीचा स्मृतिभ्रंश हा तर पात्राला काही काळ विंगेत बसवून ठेवण्याचाच प्रकार आहे. कपाळावर केस ओढून पीटर रस्त्यावर मिरवतो त्या प्रसंगाची मात्र विनाकारण टिंगल होते असे माझे मत आहे. रुबाब म्हणजे काय हे ठाऊक नसलेला अभ्यासू मुलगा रुबाब करायला गेला तर असाच दिसणार.

सगळ्यांत वाईट वाटते ते वाळूच्या माणसासाठी. मार्को तुरुंगातून पळतो तो आजारी मुलीच्या औषधोपचारासाठी, आणि प्रयोगाच्या खड्ड्यात त्याच्या शरीराची वाळू होते. त्यानंतर एकही संवाद नसलेला एक प्रसंग आहे: ढिगातून कणाकणाने माणूस उभा राहू पाहतो, ढासळतो, पुन्हा जुळतो, आणि मुलीचे छायाचित्र असलेले लॉकेट उचलायला जातो तर बोटांचीच वाळू होऊन गळते. कृष्णाकाठच्या ओल्या वाळूत किल्ले बांधलेल्या कुणालाही ती वाळू कशी ढासळते हे हाताला आठवेल. २५ कोटी डॉलरहून अधिक खर्चाच्या या चित्रपटातली ही काही मिनिटे आजही जुनी वाटत नाहीत, आणि तिकीटबारीवर तिन्ही भागांत यानेच सर्वाधिक कमाई केली याचे मला त्या मिनिटांपुरते तरी दुःख नाही.

पण ज्या मुलीसाठी तो उभा राहिला, तिला लेखक विसरून जातात. शेवटच्या लढाईत मार्को व्हेनमचा भागीदार एवढाच उरतो, आणि लढाई संपल्यावर तो पीटरला म्हणतो की मला क्षमा नको, फक्त समजून घे. पीटर तेवढ्यात त्याला क्षमा करून मोकळा होतो. जी क्षमा मेकाकूंना जिन्याच्या पायऱ्या चढून जाऊन, पुन्हा उतरून यावी लागली, ती इथे दोन वाक्यांत उरकली जाते, आणि मार्को वाळू होऊन वाऱ्यावर निघून जातो.

काकांनी पाय उशीवर नीट ठेवला, रिमोटकडे हात केला आणि म्हणाले, “अरे, त्या पोरीचं औषध राहिलं की!”