तुम्ही विचारलंत म्हणून: निकालाच्या रविवारी काय वाजवायचं?

चर्चमध्ये वाजवणाऱ्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "क्लास घेता का?" दुसरा जरा आवाज खाली आणून: "निवडणुकीचा निकाल लागलाय, अर्धी मंडळी खुशीत आणि अर्धी तोंड पाडून बसलीय. नाहीतर संध्याकाळी फायनल आहे आणि सगळ्यांचं चित्त तिकडे. अशा रविवारी तुम्ही वाजवता काय? आणि तुमचं स्वतःचं मत, तुमचा संघ, हे सगळं त्या वेळी ठेवता कुठे?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात होतं. दुसऱ्याचं हे असं.

आधी पट्टी बघायची. ही टाळाटाळ वाटेल, पण नाही. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं निदान एका सुरात गाऊ शकतात की नाही, हे वादकाच्या हातात असतं. बाकी फारसं काही नसतं. पट्टी चुकली की लोक गायचं सोडतात, हाताची घडी घालून वादकांकडे बघत बसतात आणि उपासनेचा कार्यक्रम होतो.

गळा न कमावलेली मंडळी, बायका-पुरुष मिळून, की-बोर्डच्या मधोमधच्या 'सी' सुराच्या खालच्या 'ए'पासून वरच्या 'डी'पर्यंत आरामात गाते. पुरुष तेच एक सप्तक खाली. वरचा 'ई' ओझरता आला तर खपतो, त्याच्यावर थांबायचं असेल तर नाही. सकाळची पहिली उपासना असेल तर गळे अजून जागे झालेले नसतात, म्हणून अर्धा ते एक सूर आणखी खाली. आता समजा, रेकॉर्डिंगमधलं गाणं 'बी' मेजरमध्ये आहे आणि गायकाचा वरचा सूर 'एफ शार्प'ला लागतो. ते चार अर्धे सूर खाली, 'जी'मध्ये आणलं (आपल्या भाषेत पांढरी सातवरून पांढरी पाचवर) की तो सूर 'डी'वर येतो. इथवर सगळे करतात. चूक होते ती पुढे: खालचा सूर कोणी तपासत नाही. मूळ गाण्याचा सगळ्यात खालचा सूर 'बी' असेल तर तो आता 'जी' झाला, आणि पहिल्या कडव्यालाच अर्ध्या बायका गप्प. हल्लीची बरीच गाणी अशी दीड सप्तकाची असतात. पहिलं कडवं खाली पुटपुटायचं, शेवटचं धृपद एक सप्तक वर उडी मारून. एकट्या गायकाला ती उडी शोभते. मंडळीसाठी ती काढून टाकावी, सगळं गाणं एकाच सप्तकात ठेवावं. तरीही बसत नसेल तर गाणंच बदलावं. गिटारवाल्याला 'जी'ची बोटं सोडवत नसतील तर कॅपो (गिटारच्या गळ्यावर लावायचा चिमटा) दुसऱ्या फ्रेटवर, म्हणजे 'ए' झाला. त्याच्यावरून वाद नको.

मैदानातले लोक हे आपल्यापेक्षा चांगलं जाणतात, असं माझं मत आहे. इंग्लंडच्या एफए कप या फुटबॉल स्पर्धेच्या फायनलला 1927 पासून 'अबाइड विथ मी' गातात. शब्द हेन्री फ्रान्सिस लाइटचे, 1847 चे. चाल विल्यम मंकची, 1861 ची. गाणं मरणाच्या उंबरठ्यावरच्या माणसाचं, संध्याकाळ झाली, सोबत राहा असं म्हणणारं. जिंकण्याहरण्याचा त्यात शब्द नाही. तरीही दोन्ही बाजूंचे पाठीराखे ते एकत्र म्हणतात. कारण चाल बघा: सगळी एका सप्तकाच्या आत, बहुतेक सूर शेजारून शेजारी सरकणारे, प्रत्येक ओळीत दहा अक्षरं आणि ओळ संपताना लांब सूर. श्वास घ्यायला जागा आहे.

लय संथ असण्यालाही कारण आहे. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. समोरचा स्टँड शंभर मीटरवर असेल तर तिथला सूर तुमच्यापर्यंत जवळजवळ 0.3 सेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला 72 ठोक्यांच्या लयीत एक ठोका 0.83 सेकंदांचा, म्हणजे समोरची माणसं तुमच्या कानाला ठोक्याच्या तिसऱ्या हिश्श्याने मागे. लांब सुरात हा फरक विरघळतो. तीच लय 140 केली तर चिखल होतो. चर्चच्या हॉलमध्येही हे लहान प्रमाणात घडतं: शेवटचं बाक 17 मीटरवर असेल तर 50 मिलिसेकंद. शेवटच्या बाकांवरची मंडळी रेंगाळते अशी तक्रार करण्याआधी हे अंतर मोजावं. ती रेंगाळत नाही, तिला तुम्ही उशिरा ऐकू येता, आणि तिचा आवाज परत तुमच्याकडे यायला तेवढाच वेळ जातो. अशा वेळी तिच्यासाठी थांबत गेलात तर दर कडव्याला लय पडत जाते. ड्रमरने मंडळीच्या मागे जायचं नाही, एवढा एकच नियम पुरतो.

आता राजकारण. इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो आणि तो शब्दांनी होत नाही. तो पॅडने होतो.

पाळक प्रार्थना करत असताना की-बोर्डवर मागे जो मंद, लांबट आवाज चालू असतो, तो पॅड. 'सी'च्या पट्टीत असाल तर डाव्या हाताखाली 'सी' आणि 'जी', उजव्या हाताखाली 'डी' आणि 'जी'. 'ई' दाबायचाच नाही. 'ई' आला की मेजर, 'ई फ्लॅट' आला की मायनर. म्हणजे हे सुखाचं की दुःखाचं, ते कानाला कळलं. तो सूर गाळला की सगळं अधांतरी राहतं आणि बोलणारा माणूस त्या अधांतरात आपलं वाक्य ठेवतो. पॅडचा अटॅक (आवाज चढायला लागणारा वेळ) सेकंदभराचा, रिलीज (विरायला लागणारा) तीन-चार सेकंदांचा. फिल्टर लावून वरच्या फ्रिक्वेन्सी कापायच्या, कारण दोन हजार हर्ट्झच्या वर आपल्या बोलण्यातली व्यंजनं असतात आणि पॅड तिथे घुसला की 'स' आणि 'त' ऐकूच येत नाहीत. आवाज इतकाच की बंद झाल्यावर कळावं, चालू असताना नाही.

या पॅडवर तुम्ही गाड्या हटवण्याची सूचना वाचा, तीही पवित्र वाटेल. म्हणूनच तो धोक्याचा. प्रार्थना करता करता बोलणारा कोणत्या पक्षाला मत दिलं पाहिजे याकडे वळला, की त्याच्या मताला देवाचा आवाज चिकटवण्याचं काम आपले हात करत असतात. त्याला माइक आहे, तो बोलो. माझे सूर त्याला मिळणार नाहीत. तेव्हा पॅड काढायचा. झटकन काढलात तर सगळ्या माना तुमच्याकडे वळतात आणि तेही एक भाषणच होतं. आवाज कमी-जास्त करणारं एक्स्प्रेशन पेडल आठ मात्रांत शून्यावर आणायचं, मग हात उचलायचे आणि सूर धरून ठेवणाऱ्या सस्टेन पेडलवरचा पायही. हे शेवटचं बरेच जण विसरतात: हात मांडीवर, पाय सस्टेनवर दाबलेला, आणि कॉर्ड तशीच अडकलेली. पुढच्या वेळी एक्स्प्रेशन पेडल दाबताच ती आधी उमटते. बोलणाऱ्याचं मत आपल्याला पटत असलं तरी हेच करायचं. खरं तर पटत असेल तेव्हाच जास्त सांभाळायचं, कारण तेव्हा बोट आपसूक 'ई'कडे सरकतं.

सभा, स्टेडियम आणि उपासना, तिन्हीकडे हत्यारं तीच आहेत. मिनिटाला 120 च्या आसपास न हलणारा ठोका, चार-पाच शब्दांची सतत म्हटली जाणारी ओळ आणि शेवटी पट्टी अर्ध्या सुराने वर. 'सी'तून 'डी फ्लॅट'ला जायचं तर मध्ये 'ए फ्लॅट सेव्हन' ही कॉर्ड एक माप. हॉल उभा राहतोच. तो पवित्र आत्म्यामुळे उभा राहिला की 'ए फ्लॅट सेव्हन'मुळे, हे वादकाला तरी माहीत असावं. निकालाच्या रविवारी मी म्हणेन, ही पट्टी चढवायची उडी घरी ठेवा.

गाण्यांची यादी निकालाआधी बंद करायची. मतमोजणी कधीही असो, रविवारची यादी गुरुवारी ठरली की ठरली. मग 'राजा', 'विजय', 'शत्रू' असे शब्द असलेलं गाणं आलं आणि कोणी भुवया उंचावल्या, तर ते आधीच ठरलं होतं हे सरळ सांगता येतं. तरी असे शब्द ओळीने तीन गाण्यांत येत असतील तर एक काढा. जिंकलेली बाजू ते आपल्याच खात्यावर जमा करते. बायबलमध्ये प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितलंय, आवडत्या अधिकाऱ्यांसाठी असं सांगितलेलं नाही. त्याला जोडून 146 वं स्तोत्र घ्यावं, त्यात अधिपतींवर भिस्त ठेवू नका असं स्पष्ट आहे. दोन्ही एकाच सकाळी वाचले की कुठल्याच गटाला फार बरं वाटत नाही, आणि ते ठीक आहे.

हरलेल्यांसाठीही काहीतरी हवं. आपल्या बहुतेक गीतसंग्रहांत विलापाची गाणी फार कमी, स्तोत्रसंहितेत मात्र भरपूर. 13 वं स्तोत्र सहाच ओव्यांचं आहे, पहिल्या दोन ओव्यांत चारदा 'कुठवर?' विचारतं. मायनरमध्ये, 66 च्या लयीत, फक्त पियानोवर ते घ्यावं. शेवटची ओवी आनंदाची आहे म्हणून तिथे एकदम ड्रम्स आणायचा मोह होतो. आणू नका, रडणाऱ्याला सहा ओव्यांत हसवायची घाई त्या कवीलाही नव्हती.

म्हणजे चर्चने राजकारणावर मूग गिळून बसावं का? नाही. आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात देव म्हणतो की तुमच्या गाण्यांचा गोंगाट नको, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. वादकाला याहून झोंबणारं वचन बायबलमध्ये नाही. लूकच्या पहिल्या अध्यायातलं मरीयेचं गीत गाताना सत्ताधीश सिंहासनावरून खाली ओढले जातात आणि भुकेले तृप्त होतात. ते गावं, दणकून गावं. त्यात पक्षाचं नाव नाही, पण प्रत्येक पक्षाला घाम फुटेल असं बरंच आहे.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण घ्या. एनॉक सोनटोंगा नावाच्या मेथडिस्ट शाळेतल्या शिक्षकाने 1897 मध्ये 'न्कोसी सिकेलेल इ-आफ्रिका' रचलं. देवा, आफ्रिकेला आशीर्वाद दे, एवढंच. 1912 मध्ये, पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस झालेल्या संघटनेच्या पहिल्या सभेत ते गायलं गेलं. 1995 च्या रग्बी विश्वचषकात जुनं राष्ट्रगीत आणि हे, दोन्ही गायली गेली. 1997 मध्ये दोन्ही मिळून एक झालं, पाच भाषांत. वादकाने त्यात बघायची गोष्ट म्हणजे ते 'जी' मेजरमध्ये सुरू होतं आणि 'डी' मेजरमध्ये संपतं. भजन एका पट्टीत, जुनं राष्ट्रगीत दुसऱ्या पट्टीत, आणि मध्ये सांधा. तो सांधा लपवलेला नाही. आता राष्ट्रगीत उपासनेत घ्यावं का, हा प्रश्न त्यातूनच निघतो. माझं उत्तर: घ्यायचंच असेल तर उपासना सुरू होण्याआधी किंवा आशीर्वचन झाल्यावर, मध्ये नाही. आराधनेच्या दोन गाण्यांमध्ये ते पॅडने जोडू तर अजिबात नये.

खेळाचं राहिलं. आपला संघ जिंकावा म्हणून प्रार्थना करावी का? करा बापडे, पण माइकवरून नको, समोरच्या संघाचेही लोक बाकांवर आहेत. माइकवरून मागायचंच तर कोणाला इजा होऊ नये, पंचांची नजर साफ राहावी. पौलही खेळाची भाषा वापरतो, करिंथकरांना शर्यत आणि मुष्टियुद्धाचा दाखला देतो. त्यांच्या गावाशेजारी दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत. बक्षीस पाइनच्या किंवा वाळक्या सेलरीच्या पानांचा मुकुट. तो सुकतो, एवढंच पौलाला सांगायचं होतं.

आणि रविवार देवाचा मानणाऱ्या एरिक लिडल या स्कॉटिश धावपटूचं नाव निघतंच. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरची पहिली फेरी रविवारी होती म्हणून तो धावला नाही, मग 400 मीटर 47.6 सेकंदांत जिंकला. लोकांना वाटतं हा निर्णय ऐनवेळचा. तसं नव्हतं. वेळापत्रक महिनोन्‌महिने आधी कळलं होतं, आणि तेवढा काळ तो 400 चा सराव करत होता. तत्त्व पाळायला कॅलेंडर लागतं. तुमच्या बेसवाल्याला फायनल बघायची असेल तर त्याने ते महिनाभर आधी सांगावं, बदली वादक मिळतो. शनिवारी रात्री मेसेज टाकला तर नाही मिळत. (रविवारी विश्रांती, हा उपदेश वादकांना करू नये. त्यांचा शब्बाथ सोमवारी.)

उपासना सामन्याच्या वेळेतच असेल तर एक शेवटचं काम राहतं. कॉर्ड्स हल्ली टॅबलेटवर असतात, आणि दुसऱ्या कडव्याच्या डोक्यावर स्कोअरची पट्टी येऊन बसते. टॅबलेट एअरप्लेन मोडवर टाका. त्याने ब्लूटूथही बंद होऊ शकतं आणि पान उलटायचं पेडल मुकं होतं, म्हणून ब्लूटूथ तेवढं परत चालू करा. मग पेडल दोनदा दाबून पान पुढे-मागे होतंय ना, ते पहिल्या गाण्याआधी बघून घ्या.